गोठ्याचा नकाशा : चित्रापेक्षा माप महत्त्वाचे

गोठ्याचा नकाशा गवंड्याच्या मनातच राहिला, तर चूक विटा व पत्रे आल्यावर कळते. तोवर पैसा खर्च झालेला असतो. म्हणून वरवट बकाल परिसरातील शेतकरी बंधूंनी प्रमाणबद्ध नकाशा आधी काढावा.

संगणकावर नवशिक्याने कोणते सॉफ्टवेअर निवडावे? स्केचअप गोठ्याचे मनोहर चित्र उभे करते. परंतु त्याची विनामूल्य आवृत्ती इंटरनेटवाचून चालत नाही. लिब्रेकॅड विनामूल्य असून, एकदा संगणकावर घेतल्यावर इंटरनेटशिवाय चालते व रेषा नेमक्या मापाने काढते. गवंड्यास माप हवे असते. सबब आमच्या मते लिब्रेकॅडच निवडावे.

तत्पूर्वी चौकटीच्या कागदावर हात बसवावा. १:५० प्रमाणात १ मीटर म्हणजे कागदावर २ सेंटिमीटर. एका गाईस छताखाली सुमारे ३.५ चौरस मीटर जागा धरल्यास चार गाईंस ५ मीटर लांब व ३ मीटर रुंद गोठा पुरतो. कागदावर तो १० व ६ सेंटिमीटर होतो. येथील कडक उन्हाळा पाहता लांबी पूर्व-पश्चिम ठेवावी.

ग्रामकार्यकर्त्यांनी छापील नकाशावर पट्टी ठेवून एक तरी माप पडताळावे. छपाईत आकार पानाप्रमाणे लहानमोठा झाल्यास प्रमाण बिघडते, आणि मग नकाशाच गवंड्यास फसवितो.