स्वातंत्र्याची वर्गणी

एप्रिल १९३५मध्ये मुंबईत ‘फिल्मइंडिया’ नावाच्या इंग्रजी मासिकाचा पहिला अंक निघाला. किंमत चार आणे. संपादक बाबूराव पटेल हे पालघरजवळच्या मासवणचे. पालघर स्वतंत्र जिल्हा झाला तो २०१४मध्ये. बाबूरावांचा जन्म १९०४चा. म्हणजे जुन्या ठाणे जिल्ह्यातल्या एका खेड्यातून आलेल्या या माणसाने पुढची पंचवीस वर्षे हिंदी सिनेमावाल्यांची झोप उडवली. त्या पहिल्या अंकाला एप्रिल २०२५मध्ये नव्वद वर्षे पूर्ण झाली. अशा वेळी संपादकाचे गुणगान करण्याची आपल्याकडे रीत आहे. आम्हाला मात्र या निमित्ताने त्याच्या वाचकांविषयी बोलायचे आहे. समीक्षक स्वतंत्र राहतो की नाही, हे शेवटी त्याच्या वाचकांवर ठरते. वाचक ही जबाबदारी सहसा आपली मानत नाहीत.

‘फिल्मइंडिया’चे वाचक त्या मासिकावर जीव टाकत. एस. एम. पंडितांची रंगीत मुखपृष्ठे हे त्याचे एक कारण होते, पण अंक हातात पडला की अनेक जण आधी ‘एडिटर्स मेल’ हे सदर उघडत. वाचकांनी काहीही विचारावे आणि बाबूरावांनी चार ओळींत चिमटा काढावा, असा तो प्रकार. नट्यांची लग्ने, गांधीजी, महायुद्ध, हिंदू-मुसलमान, आपल्याच प्रेमप्रकरणाचे रडगाणे. कशालाही बंदी नव्हती. लाहोर-कराचीपासून मद्रासपर्यंतचा तरुण इंग्रजी जमेल तशी जुळवून या माणसाला पत्र टाकत असे आणि छापून आलेल्या उत्तरात आपलीच टोपी उडाली तरी तो अंक मित्रांना दाखवत हिंडत असे. बड्या निर्मात्यालाही न भिणारा कोणीतरी आपल्याशी बोलतो आहे, ही भावनाच त्या चार आण्यांच्या मोबदल्यात मिळत होती.

हे धाडस केवळ शेरेबाजीचे नव्हते. १९३८मध्ये अलेक्झांडर कोर्डा यांच्या कंपनीचा ‘द ड्रम’ मुंबईत लागला. सरहद्दीवरचे पठाण कपटी आणि गोरा साहेब तारणहार, असे त्याचे कथानक. ‘फिल्मइंडिया’ने त्याविरुद्ध लिहिले, मुंबईत निदर्शने झाली आणि सरकारला त्याचे खेळ थांबवावे लागले. पुढे हॉलिवूडच्या ‘गंगा दीन’विरुद्धही ‘फिल्मइंडिया’ने आघाडी उघडली, त्यात पत्रकार ख्वाजा अहमद अब्बास यांचा सहभाग होता. पडद्यावरच्या गोष्टीत कोण कोणाला कसे दाखवतो, हा राजकारणाचा प्रश्न आहे, हे चित्रपट-अभ्यासाचे वर्ग सुरू होण्याच्या कितीतरी आधी या मासिकाने सामान्य प्रेक्षकाला शिकवले. त्याचे श्रेय बाबूरावांना द्यायलाच हवे.

पण नव्वदीच्या निमित्ताने हिशेब मांडायचा तर वहीची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. मासिकाची पाने ज्या चित्रपटांच्या जाहिरातींनी भरत, त्याच चित्रपटांची परीक्षणे मागच्या पानांवर येत. बाबूराव स्वतःही चित्रपट दिग्दर्शित करत. गायिका सुशीलाराणी यांना नायिका म्हणून घेऊन त्यांनी ‘द्रौपदी’ (१९४४) आणि ‘ग्वालन’ (१९४६) काढले. समीक्षक, निर्माता आणि जाहिरातीची जागा विकणारा हे तिघे एकाच खुर्चीत बसले, की वाचकाने कोणाचे म्हणणे खरे मानायचे? शिवाय त्यांच्या लेखणीला आवडी-नावडी होत्या, नट्यांच्या रूपावर आणि खासगी आयुष्यावर ती हीन पातळीवर उतरत असे, आणि पुढे पुढे तिच्यातला धार्मिक विखारही लपेनासा झाला. १९६०च्या सुमारास सिनेमाचे हे मासिक मागे पडले, त्याच्या जागी ‘मदर इंडिया’ हे राजकीय मासिक आले आणि १९६७मध्ये बाबूराव जनसंघातर्फे शाजापूरहून लोकसभेत गेले.

आणि या सगळ्याला वाचकांचीही साथ होती. चिमटा जितका खोल, तितकी टाळी मोठी. एखाद्या नटीच्या चेहऱ्याची चेष्टा झाली तर ‘हे बरे नव्हे’ असे लिहून कळवणाऱ्यांपेक्षा ‘आणखी लिहा’ म्हणणारे पुष्कळ असावेत; नाहीतर ते सदर इतकी वर्षे त्या सुरात चालले नसते. समीक्षकाला बिघडवणारा पैसा नेहमी निर्मात्याकडूनच येतो असे नाही. वाचकांच्या टाळ्यांचीही चटक लागते, आणि ती अधिक धोकादायक असते, कारण तिला कोणी लाच म्हणत नाही.

मग समीक्षकाने कोणाच्या जिवावर लिहावे? महाराष्ट्रात या प्रश्नाचे एक उत्तर १९६८मध्ये मिळाले. त्या वर्षी मुंबईत प्रभात चित्र मंडळ स्थापन झाले. सुधीर नांदगावकर, दिनकर गांगल आणि त्यांच्यासारख्या मंडळींनी उभे केलेले हे काम सभासदांच्या वर्गणीवर चालले. वकिलातींकडून आणि संग्रहालयांकडून परदेशी चित्रपटांची रिळे आणायची, मिळेल त्या सभागृहात दाखवायची, खेळ संपल्यावर त्यावर वाद घालायचे, आणि हे सारे मराठीत. मंडळाने काढलेल्या ‘रूपवाणी’ (पुढे ‘वास्तव रूपवाणी’) या नियतकालिकात बर्गमन, कुरोसावा आणि सत्यजित राय यांच्यावर मराठीतून गंभीर लेखन येऊ लागले. निर्मात्याच्या जाहिरातीवाचून चित्रपटावर लिहिता येते, हे या चळवळीने दाखवून दिले. खप लहान होता, मानधन नावापुरते. पण लिहिणाऱ्याला कोणाचा फोन येण्याची धास्ती नव्हती. आज मराठीत चित्रपटाकडे कला म्हणून पाहणाऱ्या लेखकांची जी पिढी दिसते, तिच्यातले कितीतरी जण अशाच फिल्म सोसायट्यांच्या खुर्च्यांवर बसून तयार झाले.

या बाबतीत जगातला सर्वांत बोलका दाखला सिनेमाचा नाही, राजकीय पत्रकारितेचा आहे. अमेरिकेत आय. एफ. स्टोन या पत्रकाराला सिनेटर मॅकार्थीच्या कम्युनिस्ट-शिकारीच्या दिवसांत नोकरी मिळेना, तेव्हा त्याने १९५३मध्ये वॉशिंग्टनहून स्वतःचे चार पानी साप्ताहिक पत्र सुरू केले. जाहिरात एकही नाही. वर्षाची वर्गणी पाच डॉलर. सुरुवातीचे वर्गणीदार सुमारे ५,३००, त्यांत आल्बर्ट आइन्स्टाइनही होते. वर्गणीचा हिशेब आणि पत्रव्यवहार पत्नी एस्थर पाहत असे. १९७१मध्ये पत्र बंद केले तेव्हा वर्गणीदार सत्तर हजारांच्या घरात गेले होते. व्हिएतनाम युद्धाविषयी सरकारचे खोटे स्टोनने सरकारच्याच कागदपत्रांतून उघडे पाडले. ते त्याला जमले याचे एक कारण त्याची बुद्धी, आणि दुसरे म्हणजे ते पाच पाच डॉलर.

आज चित्रपटाविषयी लिहिणारे अनेक जण पुन्हा त्याच वाटेला लागले आहेत. वर्तमानपत्रांतली परीक्षणाची जागा आक्रसली. चार-पाच चांदण्या आणि दोनशे शब्द एवढेच उरले. चित्रपट शुक्रवारी लागतो आणि त्याचे कौतुक गुरुवारीच मोबाइलवर पसरलेले असते. त्यातले कोणते मनापासूनचे आणि कोणते पैसे घेऊन केलेले, हे ओळखण्याची सोय प्रेक्षकाला नाही. कडक लिहिणाऱ्याला पुढच्या वेळी खास खेळाचे निमंत्रण येत नाही, कलाकाराची मुलाखत मिळत नाही. अशा वेळी एखादा समीक्षक नोकरी सोडून किंवा सांभाळून, आठवड्याला एक लांबलचक पत्र लिहून थेट वाचकांच्या इ-मेलवर पाठवतो. स्वतः तिकीट काढून चित्रपट पाहतो. कधी नव्या मराठी चित्रपटाविषयी लिहितो, कधी ज्याला पहिल्या आठवड्यातच सकाळी नऊच्या खेळावर ढकलले अशा एखाद्या बिनचेहऱ्याच्या चित्रपटाविषयी. वाचक उत्तर पाठवतात, ‘तुमच्यामुळे हा चित्रपट पाहिला, आभार.’ हे आभार खरे असतात. पण आभारांवर वीजबिल भरले जात नाही, आणि आभार मानून वाचक आपल्या जबाबदारीतून सुटतो, असेही आम्हाला वाटत नाही.

ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीच्या वाचकांना हे सांगण्यात विशेष अर्थ आहे. ठाण्याचे मल्हार, वंदना, आलोक, गणेश, डोंबिवलीचे टिळक, मधुबन, पूजा, कल्याणचे कृष्णा ही नुसती नावे घेतली तरी इथल्या तीन पिढ्यांच्या शनिवार-रविवारचा नकाशा तयार होतो. त्यातली काही चित्रपटगृहे बंद पडली, काहींचे रूप पालटले. आता मॉलच्या वरच्या मजल्यावर एका कुटुंबाच्या तिकिटांना आणि पॉपकॉर्नला महिन्याच्या किराण्याचा कोपरा कापावा लागतो. इतके पैसे मोजताना काय पाहावे, हे प्रामाणिकपणे सांगणारा माणूस आपल्याला आता अधिक लागतो. लोकलमध्ये रोज दोन-अडीच तास घालवणाऱ्या या पट्ट्यात वाचणारे डोळेही कमी नाहीत.

आणि वर्गणीचा संस्कार तर इथे फार जुना आहे. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३चे. राजाश्रय किंवा एखाद्या शेठचा वरदहस्त यांच्यावर विसंबून संस्था इतकी टिकत नाही. महिन्याची वर्गणी वेळेवर भरणाऱ्या कारकून-मास्तरांनी ती टिकवलेली असते. डोंबिवलीत तर पुस्तकांच्या अदलाबदलीलाही गर्दी होते. नाटकाचे तिकीट, संगीतसभेची वार्षिक वर्गणी, दिवाळी अंकांची आगाऊ नोंदणी यांना आपण उधळपट्टी म्हणत नाही. मग चित्रपटावर वर्षभर निष्ठेने लिहिणाऱ्यालाच ‘हे तर फुकट मिळायला हवे’ ही अट का? फुकट मिळणाऱ्या मताची किंमत कोणीतरी भरलेलीच असते. फक्त ती भरणारा आपल्याला दिसत नाही.

म्हणून ‘फिल्मइंडिया’च्या नव्वदीत आम्हाला दोन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली, ज्या समीक्षकाचे लेखन आवडते त्याची वर्षाची वर्गणी भरा. एका कुटुंबाच्या एका मल्टिप्लेक्स-वारीपेक्षा ती बहुधा कमीच असेल. आपल्या ग्रंथालयांनीही अशा पत्रांची संस्थात्मक वर्गणी भरावी आणि प्रती वृत्तपत्रांच्या टेबलावर ठेवाव्यात, म्हणजे इ-मेल न वापरणाऱ्या ज्येष्ठांनाही ती वाचता येतील.

दुसरी गोष्ट पहिलीइतकीच महत्त्वाची. पैसे भरले म्हणजे समीक्षक विकत घेतला असे नव्हे. आपल्या आवडत्या नटाला त्याने नावे ठेवली म्हणून वर्गणी बंद करणारा वाचक जाहिरात काढून घेणाऱ्या निर्मात्याहून वेगळा नाही. पटले नाही तर तसे कारणांसह कळवावे. आणि तो घसरला, एखाद्याच्या रूपाची, जातीची किंवा धर्माची टिंगल करू लागला, तर टाळी वाजवण्याऐवजी पहिले खरमरीत पत्र त्याच्या वर्गणीदाराचे असावे. असे पत्र लिहिणारे पुरेसे वाचक बाबूरावांना लाभले असते तर त्या बंडखोर लेखणीचा शेवट कदाचित निराळा झाला असता. आजच्या समीक्षकांना ते लाभावेत. कौतुकाची पत्रे त्यांना मिळतच राहतील. वर्गणी भरून भांडणारा वाचक मात्र दुर्मिळ आहे, आणि तो व्हायला कोणाची परवानगी लागत नाही.