एक जोडणी, अनेक वाटेकरी

मार्च २०२० मध्ये शाळा-महाविद्यालयांना टाळे लागले आणि शिक्षण घरातल्या पडद्यावर आले. घरात ब्रॉडबँड असणे ही चैन नसून गरज आहे, हे बीडसारख्या जिल्ह्यालाही तेव्हा उमगले. शाळा पुढे उघडल्या. गरज मात्र ओसरली नाही. शिष्यवृत्तीचे अर्ज, स्पर्धा परीक्षांची प्रवेशपत्रे, शिक्षकांनी भरावयाची माहिती, हे सारे आता त्याच तारेतून जाते. घरात तार एक आणि वाटेकरी चार, अशी ही स्थिती आहे. ही वाटणी कशी व्हावी, हा प्रश्न केवळ तंत्रज्ञांवर सोपवून चालणार नाही.

यंत्राच्या बाजूने पाहिले तर अडचण फारशी नाही. इंटरनेटवर प्रत्येक यंत्राला पत्ता लागतो आणि जुन्या पद्धतीत असे पत्ते सुमारे ४३० कोटीच होते. ते पुरणार नाहीत हे ओळखून १९९४ मध्ये एक तोड पुढे आली. बाहेरच्या जगासाठी घराचा पत्ता एकच ठेवायचा आणि आतल्या यंत्रांना खासगी पत्ते द्यायचे. कचेरीतला आवक-जावक कारकून बाहेरून आलेली टपाले ज्या त्या टेबलावर पोचवतो. घरातला राउटर तेच काम करतो. त्यामुळे दुसऱ्या संगणकासाठी दुसरी जोडणी घेण्याचे कारण उरत नाही.

परंतु वाटणी शक्य होणे वेगळे आणि ती न्याय्य होणे वेगळे. बीड शहराजवळची खजाना बावडी सोळाव्या शतकात, निजामशाहीच्या काळात बांधली गेली आणि तिचे पाणी कालव्याने शेतांना देण्याची सोय झाली. कालवा पाणी नेतो; पाळी मात्र माणसांनाच ठरवावी लागते. ब्रॉडबँडचेही तसेच आहे. १०० एमबीपीएसची जोडणी चौघांनी एकाच वेळी पुरेपूर वापरली, तर प्रत्येकाच्या वाट्याला सरासरी २५ येतात. अभ्यासाच्या वर्गाला तेवढे पुष्कळ झाले. पण जोडणी कमी वेगाची असेल आणि एक जण चित्रपट उतरवून घेत बसला, तर दुसऱ्याचा वर्ग मध्येच तुटतो. आपल्या घरांतून हा दुसरा बहुधा कोण असतो? संगणक थोरल्या मुलाच्या टेबलावर आणि मुलीची पाळी घरकाम आटोपल्यावर, ही रीत जिथे चालते तिथे वेग वाढवून काहीच साधणार नाही. अभ्यासाला पहिला हक्क, मग तो मुलाचा असो वा मुलीचा, एवढा नियम प्रत्येक घराने करावा.

घराबाहेरची वाटणी अधिक अवघड आहे. शेजारच्या मुलाला परवलीचा शब्द सांगणे हा सद्‌भाव खरा; पण त्या जोडणीवरून कोणी गैरकृत्य केले, तर पहिली चौकशी ग्राहकाकडेच होते. शिवाय घरगुती जोडणी इतरांना विकण्यास कंपन्यांच्या अटी सहसा मनाई करतात. तेव्हा सद्‌भावाला रीतसर वाट हवी, आणि ती आज उपलब्ध आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२० मध्ये मंजूर केलेल्या 'पीएम-वाणी' योजनेनुसार दुकानदारही परवाना वा शुल्काशिवाय सार्वजनिक वाय-फाय केंद्र चालवू शकतो. अशा केंद्रांना जोडण्या महाग पडतात, ही तक्रार होती. जून २०२५ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०० एमबीपीएसपर्यंतच्या जोडण्यांसाठी त्यांच्याकडून घरगुती दराच्या दुपटीहून अधिक आकार घेऊ नये, असे ठरवले. ती सबबही आता कमी झाली आहे.

मग वाट कोणाची पाहायची? ज्या घरात ऊसतोडीला निघताना मुलांना आजीपाशी ठेवावे लागते, तिथे ब्रॉडबँडची तार येण्यास वेळ लागेल. त्या मुलांसाठी गावचे वाचनालय व शाळा याच खऱ्या जागा होत. वाचनालयात एक वर्तमानपत्र पन्नास जण वाचतात आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. त्याच टेबलाशेजारी एक राउटर, दोन-तीन संगणक आणि वीज गेली तरी ते चालू ठेवणारी बॅटरी असावी. पाळीची वही ग्रंथपालाने ठेवावी. ग्रामपंचायती आणि शिक्षण संस्थांनी मनावर घेतले, तर हा खर्च त्यांच्या आवाक्याबाहेरचा नाही. दुष्काळाने या जिल्ह्याला पाण्याच्या पाळीचे मोल शिकवले आहे. ज्ञानाची पाळीही त्याच काटेकोरपणे लावली गेली पाहिजे.