बॉयलर दुरुस्त झाला, पण डोकं दुखतंय? ब्रिटनमध्ये तक्रार नेमकी कुठे करायची

समजा, तुम्ही कॉव्हेंट्रीत चार मित्रांसोबत भाड्याच्या घरात राहता. जानेवारीत बॉयलर बंद पडला. घरमालकाने गॅस कंपनीचा माणूस पाठवला आणि अर्ध्या तासात गरम पाणी सुरू झालं. दोन दिवसांनी मात्र सगळ्यांचंच डोकं जड. युनिव्हर्सिटीत गेलं की बरं वाटतं, घरी आलं की पुन्हा तेच.

आता काय कराल? बहुतेक जण कंपनीच्या कस्टमर केअरला फोन लावतात, नाहीतर एक्सवर टॅग करतात. दोन्हीकडून एकच उत्तर येतं: तुमची तक्रार नोंदवली आहे. घरात मात्र बॉयलर सुरूच असतो.

२०२१च्या जनगणनेनुसार इंग्लंड आणि वेल्समधली सुमारे ७४ टक्के घरं फक्त पाइप गॅसवर गरम होतात. महाराष्ट्रातून शिकायला गेलेल्या मुलांना अशी यंत्रणा आयुष्यात पहिल्यांदाच दिसते. तिचा धोका मात्र आपल्या ओळखीचा आहे. बाथरूममधल्या गॅस गिझरमुळे गुदमरून मृत्यू, ही बातमी आपल्याकडे हिवाळ्यात येतेच. वायू तोच, कार्बन मोनॉक्साइड. रंग नाही, वास नाही. गॅस नीट जळला नाही किंवा धुराची नळी तुंबली, निखळली, की तो घरात साठतो. डोकेदुखी, मळमळ, चक्कर ही त्याची लक्षणं सर्दी-तापासारखीच वाटतात, म्हणून क्रोसिन घेऊन झोपण्याचा मोह होतो. तसं करू नका. घराबाहेर पडल्यावर बरं वाटणं आणि घरातल्या सगळ्यांनाच एकदम त्रास होणं, ही खरी खूण.

आधी तक्रार नाही, आधी फोन

अशा वेळी गॅस बंद करा, दारं-खिडक्या उघडा, बाहेर पडा आणि ०८०० १११ ९९९ या नंबरवर फोन करा. तो मोफत आहे आणि चोवीस तास चालतो. येणारा माणूस तुमचं बिल पाठवणाऱ्या कंपनीचा नसतो, तर त्या भागातली गॅसची पाइपलाइन सांभाळणाऱ्या यंत्रणेचा असतो. तो बॉयलर दुरुस्त करणार नाही, फक्त धोका थांबवेल. त्रास होत असेल तर डॉक्टरांना ‘कार्बन मोनॉक्साइडचा संशय आहे’ असं स्पष्ट सांगा.

मग तक्रार, पण दोन वेगळ्या

ब्रिटनमध्ये ‘काम धोकादायक झालं’ आणि ‘माझं नुकसान झालं’ या दोन तक्रारींचे रस्ते पूर्ण वेगळे आहेत. लोक दोन्ही एकाच ईमेलमध्ये लिहितात आणि कंपनी सोयीने फक्त दुसरीचं उत्तर देते. दिलगिरी, थोडे पौंड परत, विषय बंद.

पहिली तक्रार जाते गॅस सेफ रजिस्टरकडे. २००९पासून गॅसवर काम करणाऱ्या प्रत्येकाची इथे नोंद असणं कायद्याने बंधनकारक आहे, कंपनी कितीही मोठी असो. कामगाराकडे फोटो असलेलं कार्ड असतं आणि त्याला कोणती कामं करता येतात, ते कार्डाच्या मागच्या बाजूला लिहिलेलं असतं. ही मागची बाजू फारसं कुणी बघत नाही. कुकरचं काम जमतं म्हणजे बॉयलरचं जमतं असं नाही. नोंदच नसेल तर प्रकरण सरकारी आरोग्य आणि सुरक्षा यंत्रणेकडे, म्हणजे एचएसईकडे जातं.

१९९८च्या गॅस सुरक्षा नियमांमध्ये एक महत्त्वाचं कलम आहे, २६(९). गॅसच्या उपकरणावर काम केल्यावर लगेच धुराची नळी, जळण्यासाठी लागणारी हवा, गॅसचा दाब किंवा उष्णतेचं प्रमाण आणि उपकरण सुरक्षित चालतंय का, हे सगळं तपासावंच लागतं. म्हणून तक्रारीत ‘काम वाईट होतं’ असं लिहू नका. ‘काम झाल्यावर यातल्या कोणत्या तपासण्या केल्या, त्याची नोंद द्या’ असं लिहा. या प्रश्नाला दिलगिरी हे उत्तर होऊ शकत नाही.

एक सावधगिरी. तक्रार केली की कंपनी दुसरा माणूस पाठवून गुपचूप दुरुस्ती करू शकते. मग तपासायला काही उरत नाही. गॅस बंद ठेवा, फोटो काढा आणि कामाचा कागद जपून ठेवा.

पैशांची तक्रार आधी कंपनीकडेच करावी लागते. आठ आठवड्यांत तोडगा निघाला नाही, किंवा कंपनीने त्याआधीच हात वर केले, तर लोकपालाकडे जाता येतं. पण कुठल्या? वीज-गॅस पुरवठ्याचा वाद एनर्जी ओम्बड्समनकडे जातो. बॉयलरचं ‘कव्हर’ मात्र अनेकदा विमा असतो, तेव्हा तक्रार फायनान्शियल ओम्बड्समनकडे करावी लागते. कंपनीचं नाव आणि लोगो तोच असल्याने इथे हमखास गोंधळ होतो. पॉलिसीच्या कागदावर ‘इन्शुरन्स’ हा शब्द शोधा.

भाडेकरूंचं काय?

दुरुस्तीचा करार घरमालकाने केला असेल, तर कंपनीचे ग्राहक तुम्ही नाही. त्यामुळे पैशांचा रस्ता सहसा बंद. सुरक्षेचा मात्र उघडा आहे. घरमालकाने दरवर्षी गॅसची तपासणी करून घ्यायची असते आणि तिची प्रत २८ दिवसांत भाडेकरूला द्यायची असते. दिली नाही तर तो गुन्हा आहे आणि एचएसईला ऑनलाइन कळवता येतं. इंग्लंडमध्ये ऑक्टोबर २०२२पासून बॉयलर असलेल्या राहत्या खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बसवणंही घरमालकाचीच जबाबदारी आहे. पण बॉयलर किचनच्या कपाटात असेल तर नियमाच्या व्याख्येवरून वाद होऊ शकतो. वाद घालत बसण्यापेक्षा स्वतःच एक अलार्म विकत घ्या.

मग लोक गप्प का बसतात? कारण सरळ आहे, घर जाण्याची भीती. कारण न देता घर रिकामं करायला लावणारी ‘सेक्शन २१’ची नोटीस घरमालकाच्या हातात होती. २०२५च्या रेंटर्स राइट्स कायद्याने ती इंग्लंडमध्ये १ मे २०२६पासून रद्द करण्याची तरतूद केली. मात्र सरकारमान्य नियमावलीखाली चालणारी खासगी विद्यार्थी निवासं या बदलाबाहेर आहेत, आणि स्कॉटलंड-वेल्समध्ये भाड्याचे कायदे वेगळे आहेत. गॅस तपासणीचा नियम मात्र तिथेही लागू आहे.