परदेशचे धबधबे आणि दिवाळीची सुटी

धायरींतील अनेक घरांचीं मुलें हल्लीं परदेशीं असतात, आणि वडील मंडळींना तिकडील धबधबे दाखवावे अशी त्यांची इच्छा असते. "दिवाळीच्या सुटींत या, म्हणजे इकडील नातवंडांनाही आणतां येईल," असा बेत ठरतो. वाचकांस विनंती एवढीच, कीं तिकिटें काढण्यापूर्वीं पाण्याचें पंचांग पाहावें.

खडकवासल्याचे दरवाजे उघडले म्हणजे मुठा दुथडी भरते, हें आपण दरवर्षीं पाहतों. नायगाराचेंही तसेंच आहे. अमेरिका व कॅनडा यांच्या १९५० च्या तहाप्रमाणें एप्रिल ते ऑक्टोबर दिवसा दर सेकंदास निदान १ लक्ष घनफूट पाणी कड्यावरून सोडावें लागतें. रात्रीं, आणि नोव्हेंबर ते मार्च दिवसाही, त्याच्या निम्में पुरतें. बाकीचें वीज उत्पन्न करण्याकडे वळवितात. आफ्रिकेंतील व्हिक्टोरिया धबधब्यास एप्रिलच्या सुमारास भर असतो; ऑक्टोबर-नोव्हेंबरांत झांबियाकडील कडा बहुतेक कोरडा पडतो.

तेव्हां नोव्हेंबरांतील दिवाळी दोहोंसही गैरसोयीची, मे महिना मात्र सोयीचा. उतारवयांत असा प्रवास बहुधा एकदांच घडतो. मुलांच्या रजेबरोबर नदीचा ऋतुही विचारून घ्यावा, हें बरें.