बचावपटूच्या चुकांचा जमाखर्च

फुटबॉलच्या मैदानावर आकड्यांचे राज्य आता पक्के झाले आहे. इंग्लंडमध्ये १९९६ साली सुरू झालेल्या ऑप्टा या संस्थेच्या नोंदवहीत प्रतिपक्षाला फटक्याची संधी देणाऱ्या आणि थेट गोल देऊन बसणाऱ्या चुकांचे स्वतंत्र रकाने असतात. हंगाम संपला की त्यांवरून याद्या निघतात आणि ज्याच्या नावापुढे चार-पाच खुणा दिसतात तो बचावपटू बेभरवशाचा ठरतो. आक्रमकाने नऊ संधी दवडून दहावीचे सोने केले तर तो नायक. बचावपटूने नव्वद मिनिटे किल्ला लढवून एकदा पाय घसरू दिला की तो अपराधी. (आपल्याकडच्या यष्टिरक्षकांना हा न्याय चांगलाच परिचित आहे.)

अर्थव्यवहारात जे दिसते त्याइतकेच जे दिसत नाही तेही हिशेबात धरा, असे फ्रेंच अर्थशास्त्रज्ञ बास्तिया याने १८५० मध्ये बजावले होते. बचावपटूची बहुतेक कमाई या न दिसणाऱ्या बाजूलाच जमा असते. ३१ मार्च २०१९ रोजी अ‍ॅनफिल्डवर लिव्हरपूल व टॉटनहॅम यांची १-१ अशी बरोबरी असताना, सामन्याच्या अखेरच्या टप्प्यात, टॉटनहॅमचे सिसोको आणि सोन मोकळ्या मैदानात धावत सुटले. आडवा होता एकटा व्हर्जिल व्हॅन डाइक. त्याने सिसोकोवर झेप घेतली नाही. सोनकडे जाणारी पासची वाट रोखून तो मागे सरकत राहिला आणि दोघांपैकी नेमबाजीत जो कच्चा, त्यालाच फटका मारणे त्याने भाग पाडले. चेंडू आडव्या दांडीवरून गेला. पुढे सामना लिव्हरपूलने जिंकला. नोंदवहीत मात्र सिसोकोचा एक वाया गेलेला फटका तेवढा उरला. व्हॅन डाइकच्या नावे ना टॅकल, ना चेंडू अडविल्याची खूण.

याउलट, चूक बहुधा त्याच्याच नावावर चढते, जो संकटाच्या जागी वेळेवर पोहोचतो. २२ जून १९९४ रोजी विश्वचषकात अमेरिकेविरुद्ध कोलंबियाच्या आंद्रेस एस्कोबारने गोलासमोर आलेला चेंडू अडविण्यासाठी पाय लांबविला आणि तो स्वतःच्याच जाळ्यात गेला. तो पोहोचलाच नसता, तर त्या रकान्यात त्याचे नावही आले नसते. कोलंबिया १-२ अशी हरली. दहा दिवसांनी मेडेलिन शहरात एस्कोबारला गोळ्या घालण्यात आल्या. त्या हत्येमागची कारणे काहीही असोत, जगाच्या स्मरणात त्याची सारी कारकीर्द त्या एका नोंदीपुरती उरली.

शिवाय या आकड्यांना भाजक नसतो. मागूनच खेळ बांधणाऱ्या संघात बचावपटूच्या पायाशी चेंडू पुनःपुन्हा, तोही दडपणाखाली, येतो. दुसऱ्या संघातला बचावपटू तो दूर भिरकावून मोकळा होतो. दोघांच्या चुका एकाच तराजूत कशा तोलणार? चुकीतून गोल झाला की नुसताच फटका, हे तर पुष्कळदा गोलरक्षकाच्या कौशल्यावर ठरते. एका हंगामातल्या दोन आणि चार चुकांमधील अंतर योगायोगाचेही असू शकते.

मोजमापाने वर्तन बदलते, ही बाब त्याहून गंभीर. कामाचा मोजता येणारा भागच मोबदल्याला बांधला की न मोजता येणारा भाग दुर्लक्षित होतो, असे होल्मस्ट्रॉम व मिलग्रोम या अर्थशास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये दाखवून दिले. स्वतःचा रकाना कोरा ठेवू पाहणारा बचावपटू अवघड पास टाळील, पुढे येऊन चेंडूला भिडणार नाही, जोखीम सहकाऱ्यावर ढकलील. टॅकल मोजणेही तितकेच फसवे. मँचेस्टर युनायटेडने २००१ साली याप स्टामला लाझिओला विकले, त्यात त्याच्या घटलेल्या टॅकलच्या आकड्याचा वाटा होता असे सांगितले जाते; ती विक्री चूक होती, हे फर्ग्युसन यांनी पुढे मान्य केले.

चुका मोजूच नयेत, असा याचा अर्थ नव्हे. परंतु त्या अनेक हंगामांच्या असाव्यात, चेंडू हाताळण्याच्या प्रमाणात असाव्यात, आणि शेजारी चित्रफीत पाहणारा जाणता डोळा असावा.

याच युनायटेडने २०१९ मध्ये आठ कोटी पौंड मोजून, म्हणजे बचावपटूसाठी तोवरची सर्वाधिक किंमत देऊन, हॅरी मॅग्वायरला घेतले आणि पुढे त्याच्या चुका जगभर चेष्टेचा विषय झाल्या. नोव्हेंबर २०२२ मध्ये घानाच्या संसदेत अर्थसंकल्पावरील चर्चेत आयझॅक अडोंगो या विरोधी सदस्याने उपराष्ट्राध्यक्षांच्या आर्थिक कारभाराला मॅग्वायरची उपमा दिली. वर्षभराने त्याच सभागृहात त्यांनी मॅग्वायरची क्षमा मागितली. उपराष्ट्राध्यक्षांची मात्र मागितली नाही.