जोखीम कोणाची, वर्तन कोणाचे?

पुण्यातल्या गुप्तरोग चिकित्सालयांत १९९३ ते १९९६ या काळात आलेल्या ९१६ स्त्रियांची एचआयव्ही तपासणी झाली. भोसरीच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेतले डॉ. रमण गंगाखेडकर आणि त्यांचे सहकारी यांनी १९९७ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. (या संस्थेच्या इंग्रजी नावाचे लघुरूप 'नारी' होते, हा योगायोग.) वेश्याव्यवसायातल्या ५२५ जणींपैकी निम्म्यांना लागण होती. त्याचे कोणाला आश्चर्य वाटले नाही. उरलेल्या ३९१ जणींनी हा व्यवसाय कधी केलेला नव्हता. त्यांतल्या बहुतेक विवाहित, एकाच पुरुषाशी संबंध असलेल्या. तरी त्यांच्यातही लागणीचे प्रमाण शेकडा १३.६ निघाले. या दवाखान्यात तक्रार घेऊन आलेल्या बाया होत्या, तेव्हा हा आकडा साऱ्या शहराचा नव्हे. पण लागणीशी जोडलेले ठळक कारण तिथे स्पष्ट दिसले: गुप्तरोग असलेल्या जोडीदाराशी संबंध. सरळ मराठीत सांगायचे तर, नवरा.

इतके समोर असूनही सार्वजनिक आरोग्याची भाषा 'जोखमीचे वर्तन' या शब्दापाशीच अडून बसते. या बायांचे कोणते वर्तन जोखमीचे होते? लग्न करणे? रात्री घरी असणे?

अलीकडे या जोखमीमागचे 'सामाजिक प्रभाव' शोधण्याचा प्रघात आहे. चांगले आहे. पण यादी पाहा: मित्रांचा आग्रह, दारू, कामासाठी घरापासून दूर राहणे. सगळे पुरुषाचे, आणि कसे समजून घेऊन लिहिलेले! बाईची पाळी आली की मात्र एकच रकाना भरतो, 'माहितीचा अभाव'. पुरुषाला परिस्थिती असते, बाईला फक्त अज्ञान असते. निरोध म्हणजे काय हे वस्तीतल्या बाईला ठाऊक असते. तो वापर म्हटल्यावर 'तुला माझ्यावर संशय की तूच कुठे जातेस?' हे ऐकावे लागते, हेही तिला ठाऊक असते.

पुढे तपासणीचा क्रमही असा की गरोदरपणात रक्त आधी तिचे तपासले जाते. म्हणून घरात रोग 'तिने आणला'. नवऱ्याची तपासणी होईपर्यंत ती माहेरी पोचलेली असते, आणि तो गेला तर सासरच्या घरावरचा तिचा हक्कही त्याच्याबरोबर गेला असे धरले जाते. एचआयव्हीविषयीच्या २०१७ च्या कायद्याला हे कळले आहे: मारहाणीची किंवा टाकून देण्याची भीती असेल तर बाधित स्त्रीची माहिती जोडीदाराला देऊ नये, असे तो म्हणतो. कायद्याला कळले ते प्रश्नावलीला कधी कळणार?

सांगलीत 'संग्राम'चे काम १९९२ पासून सुरू झाले आणि १९९६ मध्ये वेश्या अन्याय मुक्ती परिषद उभी राहिली. निरोध न वापरणाऱ्या गिऱ्हाइकाला सगळ्यांनी मिळून नाही म्हणायचे, ही ताकद तिथल्या बायांनी संघटनेतून मिळवली. 'रोगाचे केंद्र' म्हणून ज्यांच्याकडे बोट दाखवले, त्यांनी नकार कमावला. लग्नाच्या बायकोला तो कायदासुद्धा देत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मध्ये अठरा वर्षांवरील पत्नीवर नवऱ्याने केलेली जबरदस्ती आजही बलात्कारातून वगळलेली आहे. आणि ज्या मुलांना हे वेळेवर सांगायचे, त्यांच्या शाळांतले लैंगिक शिक्षण याच महाराष्ट्राने २००७ मध्ये बंद केले होते. संस्कृतीला धोका म्हणे!

तेव्हा वस्तीत कोणी प्रश्नावली घेऊन आले तर गटातल्या बायांनी ती आधी वाचायला मागावी. 'मागच्या वेळी तुम्हांला नाही म्हणता आले का?' हा प्रश्न तिच्यात आहे का ते पाहावे. नाही म्हटल्यावर काय झाले? घर कोणाच्या नावावर आहे? नवऱ्याची तपासणी कोणी केली? हे प्रश्न नसतील, तर घालून आणा म्हणून परत पाठवावे. आणि उरलेल्या प्रती नाक्यावर, गॅरेजमध्ये, कंपनीच्या गेटवर घेऊन जायला सांगावे.