'अर्थ'चा अनर्थ

खंडेनवमी, म्हणजे आपली आयुधपूजा जवळ आली की बेळगाव, निपाणी, खानापूरकडच्या कितीतरी घरांतल्या जुन्या पद्मिनी आणि अ‍ॅम्बॅसॅडर धुऊनपुसून अंगणात उभ्या राहतात. पद्मिनीचे उत्पादन थांबून पाव शतक होत आले, अ‍ॅम्बॅसॅडर २०१४ साली बंद झाली. तरी आजोबांची गाडी विकायला मन होत नाही. हार चढतो, कोहळा फुटतो, आणि किल्ली फिरवली की नुसता 'टक्' आवाज!

घरातले सगळे एका सुरात म्हणतात, "बॅटरी गेली." नवी बॅटरी येते. चार दिवस बरे जातात, पुन्हा तेच. मग डायनॅमो उतरतो, मग सेल्फ. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच.

आपल्या भागातल्या गॅरेजात मराठी चालते, कन्नडही चालते. पण 'अर्थ' हा शब्द दोघांचाही. बॅटरीतून निघालेला करंट वायरीने दिव्यापर्यंत जातो, परत येतो तो मात्र गाडीच्या पत्र्यातून. हा परतीचा रस्ता म्हणजे अर्थ. चाळीस-पन्नास पावसाळे खाल्लेल्या गाडीत गंज आणि वरचेवर मारलेला रंग हाच रस्ता अडवतात.

म्हणून आधी तपासा, मग खर्च करा. रात्रभर उभ्या गाडीच्या चांगल्या बॅटरीवर मीटर १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवतो. इंजिन चालू करून थोडी रेस दिल्यावर तो साधारण १४ च्या जवळ गेला तर चार्जिंग ठीक. आता हेडलाइट लावून सेल्फ मारा. दिवे एकदम मालवले तर बॅटरी उतरलेली किंवा टर्मिनल ढिले. दिवे तसेच राहिले आणि सेल्फ गप्प, तर दोष सेल्फच्या स्विचकडे किंवा इंजिनच्या अर्थकडे. एक जाड जंपर केबल बॅटरीच्या निगेटिव्हवरून थेट इंजिनच्या उघड्या लोखंडाला लावून पाहा. सेल्फ फिरला, तर चोर सापडला! इंजिन आणि बॉडी जोडणारी पट्टी सैल किंवा गंजलेली आहे. अशा वेळी सेल्फचा जबर करंट चोकच्या तारेतून वाट काढतो. ती तार गरम लागली तर समजून जा.

दिव्यांचेही तसेच. इंडिकेटर लावला की शेजारचा दिवा मिणमिणतो, हे खराब अर्थचे लक्षण. दाब दहा टक्के घटला तरी बल्बचा उजेड जवळजवळ तीस टक्के कमी होतो. चोर्ला घाटात, धुक्यात, रात्री हा तीस टक्के उजेड फार महाग पडतो.

उपाय स्वस्त आहे. बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी सोडा, ती शेवटी जोडा. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी खाण्याच्या सोड्याच्या गरम पाण्याने धुवा, पण ते पाणी बॅटरीत जाऊ देऊ नका. अर्थचे जोड पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासा, घट्ट आवळा, वर ग्रीस लावा.

आणि एक गोष्ट मात्र कधीच करू नका. फ्यूज पुन्हापुन्हा उडतो म्हणून त्याच्या जागी तार किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळू नका. कुठेतरी वायरीचे रबर झिजून ती पत्र्याला टेकते आहे, हेच फ्यूज सांगत असतो. त्याचे तोंड बंद केले तर वायर पेटते, आणि मागच्या सीटवर आपलीच मुले असतात. फ्यूजच्या जागी इंडिकेटरचा एक बल्ब जोडा. शॉर्ट असेपर्यंत तो लख्ख पेटेल. मग वायरिंग हात-हात हलवत चला. ज्या ठिकाणी बल्ब मंदावेल, तिथेच दोष. तिथली वायर बदला, छिद्राला नवे रबर बसवा, आणि मगच योग्य अँपिअरचा फ्यूज घाला.